आब्सालोनचा कारकून

इसवी सन १२०१ च्या मार्च महिन्यात डेन्मार्कमधल्या सोरो इथल्या मठात लुंडचा आर्चबिशप आब्सालोन वारला. राजाच्या खालोखाल त्या देशात त्याचाच शब्द चाले. त्याचं मृत्युपत्र उपलब्ध आहे. कोणाला काय द्यायचं, कोणाचं काय येणं आहे, कोणाला काय माफ करायचं, अशी मोठ्या घरातल्या कर्त्या माणसाच्या निरवानिरवीची ती यादी. त्या यादीत एका ओळीपुरता एक माणूस येतो. आर्चबिशपाचा कारकून साक्सो. त्याच्याकडे असलेलं अडीच मार्क चांदीचं येणं आब्सालोन सोडून देतो, आणि साक्सोने नेलेली दोन पुस्तकं मात्र सोरोच्या मठाला परत करावीत असं सांगतो.

ज्या लॅटिन शब्दाचं मी 'कारकून' असं भाषांतर केलं आहे त्याचा अर्थ धर्मसेवक असाही होतो. त्या काळी लिहिता येणारा माणूस बहुधा चर्चचाच असे, त्यामुळे दोन्ही अर्थ एकाच अंगरख्यात नांदत. पण मला कारकूनच बरा वाटतो. धन्याचं देणं लागणारा, ग्रंथालयाची पुस्तकं घरी ठेवून बसलेला हा माणूस चटकन ओळखीचा होतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते हाच साक्सो ग्रामाटिकस, डेन लोकांचा सोळा खंडांचा लॅटिन इतिहास लिहिणारा. 'ग्रामाटिकस' म्हणजे भाषापंडित. ही पदवी त्याला मागाहून, चौदाव्या शतकात चिकटली. त्याच्या ग्रंथाला आज 'गेस्ता दानोरुम', म्हणजे 'डेनांची कृत्यं', असं म्हणतात, तेही नाव त्याने स्वतः दिलेलं नाही. स्वतःबद्दल तो सांगतो ते इतकंच की, आपले आजोबा आणि वडील पहिल्या वाल्देमार राजाच्या पदरी लढले. आपण लेखणीने चाकरी करतो आहोत. स्वेन आगेसन नावाचा त्याचा एक समकालीन इतिहासकार त्याला आपला सोबती म्हणतो आणि तो हे काम सविस्तर करतो आहे म्हणून आपण थोडक्यात आटोपतो, असं लिहितो. बाकी चरित्र नाही.

मी साक्सोपर्यंत पोचलो ते आगरकरांच्या वाटेने. 'विकारविलसित' हे त्यांनी केलेलं 'हॅम्लेट'चं भाषांतर १८८३ सालचं. त्यात डेन्मार्कचा राजपुत्र चंद्रसेन होऊन मराठीत येतो आणि पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी तो रंगभूमीवर गाजवला, हे आपल्याकडच्या नाटकवेड्यांना सांगायला नको. चंद्रसेनाचा मूळपुरुष कोण, हे शोधताना शेक्सपिअरच्या मागे फ्रेंच लेखक बेलफोरे भेटला, त्याने १५७० साली ही गोष्ट आपल्या संग्रहात घेतली होती. आणि बेलफोरेच्या मागे, चारशे वर्षं अलीकडच्या अंधारात, हा कारकून. लॅटिन मला येत नाही. ऑलिव्हर एल्टनचं १८९४ सालचं इंग्रजी भाषांतर हाती लागलं, ते मी दोन उन्हाळ्यांत वाचून काढलं. ही वाचनाची हकिकत सांगण्याचं कारण पुढे येईल.

साक्सोचा आम्लेथ युटलंडचा. शेक्सपिअरचा एल्सिनोरचा किल्ला इथे नाही, भूतही नाही. बापाचा खून काकाने उघडउघड केलेला आहे, सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न शंकेचा नाही, जिवंत राहण्याचा आहे. पोरगा शहाणा आहे हे काका फेंगच्या लक्षात आलं तर पुढचा नंबर त्याचा. म्हणून आम्लेथ वेडाचं सोंग घेतो. राखेत लोळतो, चुलीपाशी बसून लाकडाचे आकडे तासतो आणि आगीत धरून त्यांची टोकं कडक करतो. काय करतोस रे, असं कोणी विचारलं तर म्हणतो, बापाचा सूड घ्यायला भाले करतोय. लोक हसतात. समुद्रकिनाऱ्यावर फुटक्या जहाजाचं सुकाणू पडलेलं असतं. सोबतचे म्हणतात, हा बघ केवढा सुरा. आम्लेथ म्हणतो, मग मांसाचा तुकडाही तेवढाच मोठा असणार. त्याच्या मनात असतो समुद्र. वाळू दाखवून कोणी म्हणतं हे पीठ बघ, तर तो म्हणतो, वादळांनी दळलंय.

इथे साक्सो एक वाक्य टाकून जातो, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आम्लेथला खोटं बोलणारा म्हणवून घ्यायचं नव्हतं, म्हणून तो कधीच खोटं बोलला नाही. खरं आणि कावा त्याने असा मिसळला की शब्द तर खरे, पण त्यावरून त्याच्या मनाचा थांग लागू नये. शेक्सपिअरचा राजपुत्र शब्दांत हरवतो. हा शब्दांच्या आड दबा धरून बसतो.

गोष्ट पुढे रांगडी आहे. आईच्या दालनात गवताखाली लपलेल्या हेराला आम्लेथ कोंबड्यासारखा आरवत, हात फडफडवत, गवतावर उड्या मारत शोधतो आणि तलवार खुपसून मारतो. प्रेताचे तुकडे उकडून डुकरांना घालतो. काका त्याला दोन माणसांबरोबर ब्रिटनला पाठवतो, सोबत लाकडावर कोरलेला हुकूम: याला मारा. आम्लेथ झोपलेल्यांच्या झोळीतून तो काढून बदलतो. वर्षाने परत येतो तेव्हा घरी त्याचंच श्राद्ध चाललेलं. सगळ्यांना तो स्वतः दारू पाजतो, आईने विणलेला भिंतीवरचा पडदा झिंगलेल्या सरदारांवर ओढून घेतो, आणि चुलीपाशी तासलेल्या त्या आकड्यांनी तो असा जखडतो की कोणी उठू शकत नाही. मग आग. वर्षभरापूर्वी लोक ज्याला हसले ते वाक्य अक्षरशः खरं होतं, ते भालेच होते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. कथेत आधी पेरलेली वस्तू शेवटी कशी उगवावी याचा असा धडा नंतरच्या कादंबऱ्यांतही फार थोड्या ठिकाणी सापडेल.

पहिल्या नऊ खंडांत अशी माणसं दाटीने आहेत. टीव्हीवरच्या 'व्हायकिंग्ज' मालिकेमुळे हल्ली घराघरांत पोचलेली ढाल घेऊन लढणारी लागेर्था ही मुळात साक्सोच्या नवव्या खंडातली. तिच्याविषयी जे काही आहे ते त्याच्यामुळेच आहे. आणि सहाव्या खंडाच्या सुरुवातीची एक गोष्ट तर दिवाळी अंकांच्या लेखकांनी चौकटीत लावून ठेवावी अशी. फ्रोथी राजा मरतो. शत्रूंना कळू नये म्हणून सरदार त्याचं शव तीन वर्षं गाडीतून मिरवत राहतात. शेवटी पुरायची वेळ येते तेव्हा ठरतं, राजावर सर्वांत चांगलं स्मृतिकाव्य जो करील त्याला राज्य. ह्यार्ने नावाचा एक खेडवळ माणूस चार ओळी रचतो आणि डेन्मार्कचा राजा होतो. एवढं मानधन जगात दुसऱ्या कोणी कवीला मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

हे सगळं साक्सोने कशासाठी लिहिलं ते त्याच्या प्रस्तावनेत आहे. इतर राष्ट्रं आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान मिरवतात. आपल्याही मायभूमीचा इतिहास असावा ही आब्सालोनला तळमळ लागली होती. इतर सगळे नाही म्हणाले म्हणून हे काम आपल्यासारख्या सामान्याच्या गळ्यात पडलं, असं तो विनयाने सांगतो. विनय हा त्या काळच्या प्रस्तावनांचा रिवाज होता, त्यामुळे तो फार मनावर घेऊ नये. आब्सालोन मेल्यावर ग्रंथ पुरा झाला आणि त्याच्यानंतरचा आर्चबिशप आंदर्स सुनेसन आणि दुसरा वाल्देमार राजा यांना अर्पण झाला.

तळमळ कसली होती ते समजून घ्यायला हवं. दक्षिणेला जर्मन सम्राट. त्यांच्यापाशी चर्च, कायदे, रोमचा वारसा आणि लॅटिन भाषेत लिहिलेला भूतकाळ. डेन लोक ख्रिस्ती होऊन जेमतेम दोनशे वर्षं झालेली. लॅटिनमध्ये ज्याचा इतिहास नाही त्याला भूतकाळच नाही, असं मानणाऱ्या सुशिक्षित युरोपात त्यांचा हिशेब कालचे दर्यावर्दी लुटारू एवढाच. साक्सोने यावर जे उत्तर काढलं त्यात एक ताठपणा आहे. त्या काळी जो तो राजवंश आपलं मूळ ट्रॉयला नेऊन भिडवत होता. नॉर्मन इतिहासकार दुदोने डेनांना ग्रीकांशी जोडून ठेवलंच होतं. साक्सो त्याचं मत नोंदवतो आणि बाजूला सारतो. डेनांचा आरंभ दान आणि आंगुल या दोघा भावांपासून, याच मातीतून. रोमची बरोबरी करायची ती रोमचं पोर म्हणून नव्हे. म्हणून पाचव्या खंडात जगात ख्रिस्त जन्माला येतो तेव्हा तिकडे ऑगस्टसची शांतता, तर इकडे फ्रोथीची शांतता: भर रस्त्यात सोन्याचं कडं टांगून ठेवलं आहे आणि त्याला कोणी हात लावत नाही. लॅटिन मात्र रोमनांना लाजवील असं. सोळाव्या शतकात इरॅस्मसने ते वाचून नवल केलं की, त्या काळातल्या एका डेनला एवढं वक्तृत्व आलं कुठून.

पण या इतिहासाला आधार काय? प्रस्तावनेत साक्सो आपली साधनं सांगतो: जुनी गाणी, आइसलँडच्या लोकांनी जपलेल्या कथा, आब्सालोनच्या तोंडून ऐकलेलं, आणि दगडांवर कोरलेली रून लिपीतली अक्षरं. त्या काळच्या लेखकाने साधनांची अशी यादी द्यावी हेच विशेष. आणि याच प्रस्तावनेत तो ब्लेकिंगे प्रांतातल्या एका खडकाची हकिकत सांगतो. ब्लेकिंगे आज स्वीडनमध्ये आहे, तेव्हा डेन्मार्कचं होतं. समुद्रापासून रानाकडे जाणारी एक खडकाची वाट आणि तिच्यावर चमत्कारिक अक्षरांची लांबलचक ओळ. वाल्देमार राजाने नीट शोध घ्यायला माणसं पाठवली. ती त्या वाटेने चालत गेली, अक्षरांच्या खुणा काठ्यांवर उतरवून घेत गेली. अर्थ लागला नाही. खाचांत काही ठिकाणी चिखल भरलेला, काही ठिकाणी जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांनी अक्षरं झिजलेली.

इतका सरळ कबुलीजबाब. राजाने माणसं पाठवली, वाचता आलं नाही, बस. या एका परिच्छेदासाठी मी साक्सोला इतिहासकार म्हणायला तयार झालो होतो. मग सातवा खंड आला. तिथे हाराल्ड हिल्देतान राजाबद्दल तो सहज लिहून जातो की, या राजाने आपल्या बापाचे पराक्रम ब्लेकिंगेतल्या त्या खडकावर कोरवून घेतले, मी मागे उल्लेख केला होता तोच खडक. म्हणजे जे प्रस्तावनेत कोणालाच वाचता आलं नाही, त्याचा मजकूर सात खंडांनी लेखकाला ठाऊक झाला आहे. खोटं बोलण्याचा आव नाही, ठोकून दिल्याचा गर्व नाही. बापाचा मुलगा, मुलाला स्मारक हवं, स्मारकाला खडक हवा, आणि खडक तर होताच.

एल्टनचं भाषांतर नवव्या खंडाला संपतं. त्याला दंतकथाच हव्या होत्या. इंग्रजीतून वाचणाऱ्यांचा साक्सो त्यामुळे बरीच वर्षं अर्धाच होता, तसा तो माझाही होता: जुन्या कहाण्यांवर जीव असलेला, लोकांच्या ओठांवरची गाणी लॅटिन वृत्तांत बसवून वाचवणारा प्रेमळ पंतोजी. २०१५ साली ऑक्सफर्डने फ्रिस-येन्सनने संपादलेली लॅटिन संहिता आणि पीटर फिशरचं भाषांतर असे सोळाही खंड समोरासमोर छापले. ते मिळाल्यावर मी थेट चौदाव्या खंडावर गेलो, कारण तो सगळ्यांत लांब आणि तोच खुद्द आब्सालोनच्या काळाचा. अनेक अभ्यासकांना वाटतं की साक्सोने लिहायला सुरुवात अलीकडच्या काळापासूनच केली आणि पुराणकाळ नंतर जोडला. तसं असेल तर आब्सालोनने मागितलेलं पुस्तक हेच.

चौदाव्या खंडात आर्कोना आहे. बाल्टिक समुद्रात र्‍युगेन नावाचं बेट, आज जर्मनीत. त्याच्या उत्तर टोकाला कड्यावर आर्कोनाचा कोट आणि कोटात स्वांतेविट या देवाचं लाकडी देऊळ. तिथले स्लाव्ह लोक अजून ख्रिस्ती झालेले नव्हते. ११६८ साली वाल्देमार आणि आब्सालोन यांनी त्या कोटाला वेढा घातला. वेढ्याआधी साक्सो त्या देवळाची जी माहिती देतो ती एखाद्या मानववंशशास्त्रज्ञाने द्यावी अशी आहे. तांबडं छत, बाहेरच्या भिंतीवर कोरीवकाम, आत माणसाहून मोठी चार डोक्यांची मूर्ती. केस आणि दाढी र्‍युगेनच्या लोकांच्या रीतीने कापलेले. उजव्या हातात शिंग, त्यात वर्षातून एकदा पुजारी मद्य भरतो. सणाच्या आदल्या दिवशी गाभारा झाडायला पुजारी आत जातो तो श्वास रोखून. श्वास घ्यायचा तर प्रत्येक वेळी दाराबाहेर यायचं, देवाला माणसाच्या श्वासाचा विटाळ होऊ नये म्हणून. मग शिंगातलं मद्य किती कमी झालं ते पाहून पुढच्या वर्षीचं पीकपाणी सांगायचं. माणसाच्या उंचीची मधाची पोळी करतात, पुजारी तिच्याआड उभा राहून लोकांना विचारतो, मी दिसतो का? दिसता, असं लोक म्हणाले की तो म्हणतो, पुढच्या वर्षी दिसू नये. म्हणजे पीक इतकं यावं. देवाचा एक पांढरा घोडा आहे. रात्री देव त्याच्यावर बसून शत्रूंशी लढायला जातो. सकाळी घोडा घामेजलेला आणि चिखलाने माखलेला सापडतो.

गाभाऱ्यात श्वास न घेणारा तो पुजारी वाचून मला देवघरात सोवळ्याने वावरणारी किती माणसं आठवली ते सांगत बसत नाही. साक्सोला अर्थातच यात कौतुक नाही. तो हे खुळचटपणाचा पुरावा म्हणून लिहितो आहे. पण लिहितो मात्र बारकाईने, आणि त्याच ओघात आपल्याच घरची एक अडचणीची गोष्टही नोंदवून जातो: स्वेन या डेन राजाने, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या राजाने, या देवाला एक मौल्यवान पेला वाहिला होता. पुढे स्वेन मारला गेला तो या पापामुळेच, अशी पुस्तीही तो जोडतो. पण पेला होता. शेजारच्या देवाचा धाक ख्रिस्ती राजालाही वाटत होता.

कोट पडल्यावर मूर्ती पाडायचं काम आब्सालोनचा भाऊ एस्बेर्न आणि सुने एबेसन यांच्याकडे येतं. सुने हा त्याच आंदर्स सुनेसनचा बाप, ज्याला पुढे हा ग्रंथ अर्पण झाला. म्हणजे अर्पणपत्रिकेतला धनी आणि कुऱ्हाड चालवून घेणारा सरदार एकाच घरातले. दोघे माणसांना बजावतात, जपून घाव घाला; मूर्ती पडताना कोणी खाली सापडलं तर हे लोक म्हणतील देवाने सूड घेतला. पायांवर घाव घालून मूर्ती मागच्या भिंतीवर पाडली जाते. गाभाऱ्यातून एका काळ्या जनावराच्या रूपात सैतान पळताना दिसला, असं साक्सो लिहितो. मग दोर लावून ओढायची वेळ येते. गावकऱ्यांना सांगितलं तर त्यांचे हात धजत नाहीत, म्हणून कैद्यांना आणि परक्या लोकांना जुंपतात. गावचे लोक जमून बघतात. काही रडतात, काही हसतात. छावणीत सैनिक गर्दी करून मूर्ती पाहतात. संध्याकाळी स्वयंपाकी तिच्या लहान लहान ढलप्या करतात आणि त्या चुलीत सारतात.

त्यानंतर त्याच बेटावरचं दुसरं ठाणं. तिथला देव सात तोंडांचा, ओकच्या लाकडाचा. पाकोळ्यांनी त्याच्या तोंडांखाली घरटी केलेली, छातीवर त्यांची शिट पडलेली. साक्सो यावर खवचट शेरा मारतो: असा देव म्हणजे काय विचारता. मूर्ती इतकी उंच की आब्सालोन चांगला धिप्पाड असूनही टाचा उंचावून त्याच्या हातातली कुऱ्हाड जेमतेम तिच्या हनुवटीला लागते. हे चित्र त्याने धन्याच्या गौरवासाठी काढलं आहे. मला ते वेगळं दिसलं. पाकोळ्यांना ज्या देवाची भीती वाटली नव्हती, त्याच्यापुढे एक बिशप टाचांवर उभा आहे.

मला खटकलं ते मूर्तिभंजन नव्हे. बाराव्या शतकातल्या धर्मयोद्ध्याकडून दुसरं काय होणार? खटकलं ते असं की, हा तोच लेखक आहे. पहिल्या खंडांतल्या त्याच्या डेन वीरांपैकी एकही ख्रिस्ती नाही. ओडिनचा बंदोबस्त त्याने शिताफीने केला आहे: तो देव नव्हताच, लोकांना भूल घालून स्वतःला देव म्हणवून घेणारा एक ठक होता. त्याच्या सोन्याच्या पुतळ्यावरचं सोनं त्याची बायको फ्रिगा दागिन्यांसाठी ओरबाडून नेते, असा विनोदही साक्सो करतो. पण त्या ठकाला भजणारे राजे, त्यांचे शब्द, त्यांची सूडाची व्रतं, त्यांची गाणी हे सगळं त्याने वेचून लॅटिनमध्ये साठवलं. 'ब्यार्कामाल' हे जुनं वीरगीत मुळात मोजक्या ओळींपुरतंच उरलं आहे. साक्सोने त्याच्या सुमारे तीनशे लॅटिन ओळी केल्या म्हणून ते आपल्याला कळतं. स्वतःच्या अ-ख्रिस्ती पूर्वजांना त्याने देव वजा करून वीर म्हणून ठेवलं. शेजाऱ्याच्या बाबतीत वजाबाकी उलटी झाली. वीर गेले, गाणी गेली, पराक्रम गेले. फक्त देव उरला, तोही सरपण म्हणून. र्‍युगेनच्या लोकांचा आरंभ कोणापासून, त्यांच्यात कोणी चार ओळी रचून राजा झाला होता का, हे विचारावं असं साक्सोला कुठेही वाटलेलं नाही. लॅटिनमध्ये इतिहास नसला की माणूस कालचा लुटारू ठरतो, हे ज्याला बोचलं होतं, त्यानेच शेजाऱ्यांना त्या जागी बसवलं.

आणि तरीही त्या देवळाचं तांबडं छत, ती मधाची पोळी, तो घामेजलेला घोडा आपल्याला ठाऊक आहे तो याच माणसामुळे. हेल्मोल्ड नावाच्या जर्मन धर्मगुरूनेही स्वांतेविटबद्दल लिहिलं आहे, पण इतकं जवळून नाही. स्वतः र्‍युगेनच्या लोकांचा एक शब्द उरलेला नाही. जे जाळलं त्याची नोंद जाळणाऱ्याच्या कारकुनाने ठेवली.

चौदावा खंड तरी तंतोतंत खरा आहे का? स्वीडिश इतिहासकार कुर्ट वाइबुलने १९१५ साली साक्सोच्या या उत्तरार्धाची झडती घेतली आणि दाखवलं की, इथेही रचना आहे, पक्षपात आहे. जिथे तिथे आब्सालोन पुढे. राजा चुकतो आणि बिशप सावरतो. दंतकथा खोट्या आणि अलीकडचं खरं, अशी नवव्या खंडापाशी रेघ ओढता येत नाही. आब्सालोनने एवढा खटाटोप करून जे लिहवून घेतलं त्याचं झालं असं की, जगात त्याचं नाव आज फारच थोड्यांना माहीत आहे, आणि आम्लेथचं, उच्चार बदलून का होईना, सगळ्यांना. दहाव्या खंडात तोको नावाचा धनुर्धर राजाच्या हुकमावरून आपल्याच मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद बाणाने उडवतो. एका बाणाचं काम असताना तीन बाण का घेतलेस असं राजाने विचारल्यावर म्हणतो, पहिला चुकला असता तर बाकीचे तुझ्यासाठी. तोकोची ही गोष्ट स्वित्झर्लंडमध्ये विल्यम टेलच्या नावावर लिहिली गेली ती साक्सोनंतर अडीचशे वर्षांनी. ग्रंथातलं काय टिकावं हे धन्याच्या हाती नसतं.

ब्लेकिंगेतल्या त्या खडकाची गोष्ट मात्र अजून बाकी आहे. त्याला रुनामो म्हणतात. साक्सोने लिहिल्यानंतर सहाशे वर्षं तो डेन विद्वानांना खुणावत राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कची दशा वाईट होती. १८०७ मध्ये इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागून आरमार पळवलं, १८१३ मध्ये सरकारचं दिवाळं निघालं, १८१४ मध्ये नॉर्वे हातचा गेला. अशा वेळी पूर्वजांची फार आठवण येते. ग्रुंट्विगने १८१८ पासून साक्सोचं नवं डॅनिश भाषांतर छापायला घेतलं, ते साध्या शेतकऱ्याच्या हाती पडावं म्हणून. याच हवेत १८३३ साली राजेशाही विज्ञान अकादमीने रुनामोला एक समिती पाठवली. तिच्यात फोर्खहामर हा भूगर्भतज्ज्ञ होता आणि फिनूर माग्नुसोन हा आइसलँडचा थोर रूनपंडित. खडकाचं नीट चित्र काढून आणलं. माग्नुसोन महिनोनमहिने त्याच्यावर बसला आणि १८३४ मध्ये त्याला एकदम उमगलं: ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची. तशी वाचताच कविता उलगडली, जुन्या वृत्तातली, आणि तिच्यात नाव होतं हाराल्ड हिल्देतानचं. साक्सोच्या सातव्या खंडातलाच राजा. १८४१ साली माग्नुसोनने यावर सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ काढला.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस तोवर स्वतः जाऊन पाहून आला होता. त्याचं म्हणणं, या अक्षरांना हात लागलेला नाही, या नैसर्गिक भेगा आहेत. वाद पेटला. मग डेन्मार्ककडून वोर्सो हा तरुण पुरातत्त्वज्ञ गेला, नवी मोजमापं घेतली, आणि १८४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने आपला निष्कर्ष छापला. बर्झेलियस बरोबर होता. काळ्या खडकाचा एक पट्टा दुसऱ्या खडकात घुसून थंड होताना तडकला होता. रुनामोवर एकही अक्षर नाही, कधी नव्हतंही. माग्नुसोन १८४७ मध्ये वारला. त्याचं बाकीचं काम मोठं होतं, पण नाव निघालं की लोकांना आधी ते सातशे पानांचं पुस्तक आठवे.

मला त्याला हसता येत नाही. त्याने वाचलेलं सगळं त्याच्या डोक्यात आधीच होतं, आणि ते तिथे साक्सोने ठेवलं होतं. आणि वाल्देमारच्या त्या माणसांना, काठ्यांवर भेगा उतरवून घेत चालणाऱ्यांना, न वाचता परत येण्याचं शहाणपण होतं, एवढं साक्सोनेच लिहून ठेवलं आहे.

खुद्द साक्सोची अक्षरंही जवळजवळ झिजलीच होती. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रिस्तिएर्न पेदरसन हा लुंडचा धर्मसेवक पॅरिसमध्ये राहून या ग्रंथाची प्रत शोधत होता. ती मिळायला त्याला यातायात पडली. शेवटी लुंडच्या आर्चबिशपाने एक हस्तलिखित दिलं आणि १५१४ साली बादिउसच्या छापखान्यातून ग्रंथ बाहेर पडला. ते हस्तलिखित नंतर नाहीसं झालं. दुसरं पूर्ण हस्तलिखित कुठेच नाही. आम्लेथ, लागेर्था, आर्कोनाचा घोडा, सगळं त्या एका छापील प्रतीच्या भरवशावर आहे.

त्याशिवाय उरले आहेत काही तुकडे. त्यांतला एक एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या आंजे गावी एका जुन्या पुस्तकाच्या बांधणीत सापडला. चर्मपत्राची चार पानं, पहिल्या खंडातला मजकूर. ती आता कोपनहेगनच्या राजेशाही ग्रंथालयात आहेत. पुष्कळ जाणकारांच्या मते हा साक्सोच्या स्वतःच्या हातचा कच्चा खर्डा. मी त्याची छायाचित्रं पाहिली आहेत. अक्षर बारीक, ओळींमध्ये भरपूर जागा सोडलेली, आणि त्या जागेत दुरुस्त्या. काही ठिकाणी आधीचा शब्द न खोडताच त्याच्या डोक्यावर दुसरा लिहिलेला आहे.